प्रागमधील ज्यू वारसा – चार रात्रींच्या सहलीचे नियोजन : सल्ला हवा आहे

धागाकर्ती (पुणे)

नमस्कार. संस्कृतची शिक्षिका म्हणून सेवानिवृत्त झाल्यानंतर गेली काही वर्षे मी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड क्रमाने वाचत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु अशी आवृत्ती व्हायला हवी, हा आग्रह १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत ज्यांनी धरला, ते मॉरित्झ विंटरनित्झ पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले, १९३७ मध्ये प्रागमध्येच वारले, आणि ते ज्यू होते, हे मला फार उशिरा कळले. त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांत नाझी सैन्य त्या शहरात शिरले. ज्या समाजातून ते आले त्या समाजाचे तिथे काय होते, काय उरले आणि आज काय आहे, हे समजून घेण्याची इच्छा तेव्हापासून मनात आहे.

माझी मुलगी ड्रेस्डेनला राहते. सप्टेंबरच्या अखेरीस तिच्याकडे जाणार आहे, आणि तिथून आगगाडीने प्राग अडीच तासांवर आहे. सोबत मुलगी आणि अकरा वर्षांचा नातू असेल. गुरुवारी दुपारी पोहोचून सोमवारी परतायचे, असा विचार आहे. जर्मनीचा शेंगेन व्हिसा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. माझे गुडघे मात्र फार चालू देत नाहीत.

एका प्रवासी कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात सकाळी ज्यू वस्ती, दुपारी तेरेझीन (नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेले गाव) आणि संध्याकाळी नदीतील नौकाविहार, असे सारे एकाच दिवसात बसवले आहे. मला ते पटत नाही. कोणत्या क्रमाने, किती वेळ देऊन काय पाहावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (प्राग येथे वास्तव्य असलेली सदस्य)

ताई, आपल्याला ते पटले नाही हे योग्यच झाले. मी गेली सात वर्षे येथे आहे आणि घरी आलेल्या पाहुण्यांबरोबर ही वस्ती अनेकदा पाहिली आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

सर्वप्रथम शनिवारचा विचार करा. ज्यू संग्रहालयाच्या ताब्यातील सर्व वास्तू शनिवारी बंद असतात, जुने-नवे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) पर्यटकांसाठी बंद असते, आणि लेखक काफ्काची कबर असलेले नवे ज्यू दफनस्थानही बंद असते. आपला मुक्काम गुरुवार ते सोमवार आहे, म्हणजे पाहण्यासाठी हाताशी शुक्रवार आणि रविवार हे दोनच पूर्ण दिवस आहेत. शुक्रवारीही वेळेआधी पोहोचावे, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि जुने-नवे सिनेगॉग दुपारनंतर लवकर बंद होते.

ज्यू वस्तीला योसेफोव्ह म्हणतात. सम्राट दुसऱ्या योसेफने अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंवरील अनेक बंधने सैल केली, म्हणून १८५० साली ही वस्ती प्राग शहरात सामील झाली तेव्हा तिला त्याचे नाव देण्यात आले. मेट्रोच्या अ मार्गावरील स्तारोमेस्त्स्का स्थानकातून बाहेर पडले की पाच मिनिटांत आपण तिथे असतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर निराशा होते. गल्लीबोळांची, एकमेकांना टेकलेल्या घरांची जुनी वस्ती तिथे शोधू नका. शहर सुधारणेच्या कायद्याखाली १८९६ नंतरच्या दीड-दोन दशकांत ती जवळजवळ सगळी पाडली गेली आणि तिथे पॅरिसच्या धर्तीवर रुंद रस्ते व श्रीमंती इमारती उभ्या राहिल्या. उरली ती सहा सिनेगॉग, ज्यू नगरभवन आणि जुने दफनस्थान. नगरभवनावर हिब्रू अक्षरांचे एक घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्याप्रमाणे त्याचे काटे उलट फिरतात. नातवाला ते नक्की आवडेल.

गुडघ्यांच्या दृष्टीने सांगायचे तर योसेफोव्हमध्ये अंतरे लहान आहेत, पण दफनस्थानातील वाट खडबडीत आहे, आणि जुन्या-नव्या सिनेगॉगमध्ये काही पायऱ्या उतरून जावे लागते, कारण सातशे वर्षांत भोवतालची जमीन चढत गेली आणि वास्तू खालीच राहिली.

प्रतिसाद २ (अश्दोद, इस्राएल)

ताई, नमस्कार. आमचे घराणे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. आई-वडील १९६० च्या दशकात मुंबईहून इस्राएलला आले, आणि घरात आम्ही आजही मराठीच बोलतो. कुलाबा जिल्ह्यात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. प्रागमध्ये शनिवारी संग्रहालये बंद असण्यामागे तोच नियम आहे, एवढे आपल्या नातवाला सांगितले तर त्याला तो परका वाटणार नाही.

आपण सप्टेंबरची अखेर लिहिली आहे, म्हणून एक सूचना करतो. हिब्रू पंचांगातील तिश्री महिना साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. आपल्या पंचांगाप्रमाणे त्यातही अधिक महिना असतो, म्हणून तारखा दरवर्षी पुढेमागे होतात. या एका महिन्यात नव्याचा सण, दारफाळणीचा सण आणि त्यानंतर सुक्कोथ असे सण एकामागून एक येतात, आणि त्या दिवशीही संग्रहालय बंद असते. रविवार हाती आहे असे समजून आपण जाल आणि नेमका सण निघेल. सण संपल्यानंतरच्या आठवड्यात जाता आले तर पाहावे.

दारफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, प्रागशी विशेष संबंध आहे. १३८९ सालच्या ईस्टरमध्ये जमावाने तिथल्या ज्यू वस्तीवर हल्ला करून मोठा संहार केला. त्यातून वाचलेल्या अविग्दोर कारा या रब्बीने (ज्यू धर्मगुरूने) त्यावर हिब्रूमध्ये विलापगीत लिहिले, आणि जुन्या-नव्या सिनेगॉगमध्ये ते योम किप्पूरला म्हटले जाते. जुन्या दफनस्थानातील सर्वांत जुनी शिळा याच काराची, १४३९ सालची आहे. मी ती पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही. आमचे पूर्वज त्या काळात कोकणात तेल गाळत होते आणि कोणी त्यांच्या अंगावर धावून आले नव्हते. तीच प्रार्थना म्हणणाऱ्या दोन समाजांच्या वाट्याला इतके वेगळे आयुष्य आले, हा विचार मनातून जात नाही.

काही रीती सांगतो. सिनेगॉगमध्ये व दफनस्थानात पुरुषांनी व मुलांनी डोके झाकावे. साधी टोपी चालते. कबरीवर फुले ठेवत नाहीत, लहानसा खडा ठेवतात. दफनस्थानातून निघताना हात धुतात. प्रेतयात्रेहून आल्यावर आपल्याकडे करतात तसेच ते आहे.

प्रतिसाद ३

मी सहा वर्षांपूर्वी अशाच एका दिवसाच्या कार्यक्रमातून हे सारे पाहिले होते. योसेफोव्हला दीड तास दिला होता. पिंकास सिनेगॉगमध्ये भिंतीवरची नावे वाचायला लागलो आणि सातव्या-आठव्या नावाला मार्गदर्शकाने हाक मारली. त्या दिवसाचे मला आजही वाईट वाटते. धागाकर्तींनी घाई करू नये, एवढेच सांगण्यासाठी लिहिले.

प्रतिसाद ४ (इतिहासाचा अभ्यासक, नाशिक)

पिंकास सिनेगॉगचा उल्लेख आला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या सहलीचा गाभा तिथे आहे.

१५३५ साली बांधलेल्या या वास्तूच्या आतील भिंतींवर बोहेमिया व मोराविया या आजच्या चेक प्रांतांतील, नाझी संहारात बळी पडलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. आडनाव, नाव, जन्मतारीख, आणि पुढे मृत्यूची तारीख, किंवा ती ठाऊक नसल्यास ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची ज्ञात तारीख, अशी नोंद आहे. बहुतेक वेळा ती शेवटची तारीख म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसवल्याचा दिवस आहे. ही नावे प्रथम १९५४ ते १९५९ या काळात लिहिली गेली. १९६८ मध्ये भिंतींत भूजल चढल्यामुळे वास्तू बंद झाली, आणि साम्यवादी राजवट असेपर्यंत ती उघडली नाही. तोवर भिंतींवरील लेखन नष्ट झाले होते. ते सारे १९९२ ते १९९६ या काळात पुन्हा, एकेक नाव करून लिहावे लागले.

वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या मुलांची चित्रे आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेली चित्रकार १९४२ च्या डिसेंबरमध्ये तेरेझीनला पाठवली गेली, आणि तिथे तिने मुलांना चित्रकला शिकवली. मुलांना ती चित्रांवर आपले नाव घालायला लावत असे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले, पण त्याआधी तिने सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांमध्ये लपवून ठेवली होती. युद्धानंतर त्या पेट्या प्रागला पोहोचल्या. फुलपाखरे, घरे, जेवणाचे टेबल, आगगाडी, असे त्या चित्रांचे विषय आहेत.

आणखी एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो. नाझींना इथे ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ उभारायचे होते, असे अनेक मार्गदर्शक ठामपणे सांगतात. तशी योजना लिहिलेला नाझी दस्तऐवज संशोधकांना सापडलेला नाही. निश्चित आहे ते असे : संग्रहालय १९०६ सालीच स्थापन झाले होते, १९४२ पासून १५३ ज्यू वस्त्यांमधील पूजासाहित्य, पडदे, ग्रंथ आणि तोरांच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या तिथे आणल्या गेल्या, आणि त्यांची नोंद ज्यू तज्ज्ञांनीच केली. स्वतःला कधीही गाडीत बसवले जाईल हे माहीत असताना त्यांनी प्रत्येक वस्तूचे कार्ड लिहिले, आणि त्यांच्यापैकी बहुतेक परत आले नाहीत. ज्यांनी हस्तलिखितांच्या याद्या करण्यात आयुष्य घालवले आहे, त्यांना हे काम काय असते ते वेगळे सांगायला नको.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभारी आहे. तिश्री महिन्याची माहिती मिळाली नसती तर मोठीच चूक झाली असती. मुलीशी बोलले. नातवाची शरद ऋतूतील सुट्टी आणि सणांनंतरचा आठवडा जुळतो आहे, त्यामुळे तारखा पुढे नेत आहोत.

आता दोन प्रश्न उरतात. अकरा वर्षांच्या मुलाला तेरेझीनला न्यावे का? आणि प्रागमध्ये ज्यू लोक कसे मेले एवढेच न पाहता ते कसे जगले हेही दिसावे, यासाठी काय करावे?

प्रतिसाद ५ (दोन मुलांची आई, बंगळूर)

माझे मत नेऊ नये असे आहे. आम्ही दहा वर्षांच्या मुलीला अशाच एका ठिकाणी नेले होते. ती तिथे काही बोलली नाही, परंतु पुढचे दोन महिने एकटी झोपायला तयार नव्हती. मोठ्यांना जे समजून घ्यायचे आहे, त्यासाठी मुलांनी ते ओझे वाहावे, हे बरोबर नाही.

प्रतिसाद ६ (इतिहासाचा अभ्यासक, नाशिक)

आपली चिंता रास्त आहे, आणि तेरेझीनच्या छोट्या किल्ल्यातील गेस्टापोचा (नाझी गुप्त पोलिसांचा) तुरुंग व दहनगृह मुलाला दाखवू नये, याविषयी मी पूर्ण सहमत आहे. परंतु तेरेझीन हे संहार-छावणी म्हणून बांधलेले ठिकाण नाही. दुसऱ्या योसेफने १७८० मध्ये बांधायला घेतलेले ते तटबंदीचे गाव आहे आणि तिथे आजही लोक राहतात. १९४१ च्या नोव्हेंबरपासून त्याचे बंदिस्त घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीत, रूपांतर झाले. युद्धापूर्वी जिथे सैनिक धरून सुमारे ७,००० माणसे राहत, तिथे १९४२ च्या सप्टेंबरमध्ये ५८,००० हून अधिक माणसे कोंबली होती. १,४०,००० हून अधिक लोक तिथे आणले गेले, त्यांतील ३३,००० च्या आसपास उपासमारीने व रोगराईने तिथेच मेले, आणि ८७,००० च्या आसपास पूर्वेकडील मृत्यूछावण्यांकडे पाठवले गेले. १९४४ च्या जूनमध्ये रेड क्रॉसचे प्रतिनिधी आले तेव्हा त्यांना दाखवण्यासाठी घरे रंगवली, बाग लावली, मुलांकडून हान्स क्रासाचे ‘ब्रुंडिबार’ हे संगीतनाट्य करून घेतले. पाहणाऱ्यांनी पाहिले आणि ते परत गेले.

माझी सूचना अशी की मुलाने आईबरोबर केवळ घेट्टो संग्रहालय पाहावे, जी इमारत पूर्वीची शाळा आहे, आणि आजींनी हवे असल्यास एकटीने पुढे जावे. दहनगृहाजवळच्या नदीचा प्रसंग मात्र ताईंना ठाऊक असावा. ज्यू धर्मात परंपरेने दफन करतात. इथे त्यांना जाळले, राख कागदी डब्यांत ठेवली, आणि १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये पुरावा नको म्हणून सुमारे २२,००० जणांची राख ओहर्झे नदीत ओतली. दफन नाही, आणि विधिपूर्वक विसर्जनही नाही. नदीकाठी आज स्मारक आहे.

ड्रेस्डेनहून प्रागला जाताना आपली गाडी बोहुशोवित्से या छोट्या स्थानकावरून जाईल. १९४३ च्या जूनमध्ये घेट्टोपर्यंत रूळ टाकले जाईपर्यंत लोकांना इथे उतरवून सामानासह चालत नेत असत. गाडी तिथे थांबणार नाही, म्हणून आधीच लक्ष ठेवावे.

प्रतिसाद ७ (प्राग)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला फार जवळचे आहे. जगणे पाहायचे असेल तर जुन्या दफनस्थानातील शिळा नीट वाचाव्यात; हे विधान विचित्र वाटेल, पण खरे आहे. ज्यू कायद्याने कबर हलवता येत नाही आणि वस्तीबाहेर जागा मिळत नव्हती, म्हणून वर नवी माती टाकून थरावर थर पुरत गेले; काही ठिकाणी असे दहा-बारा थर आहेत. खालच्या शिळा दरवेळी वर घेतल्या, त्यामुळे सुमारे १२,००० शिळा एकमेकींना टेकून दाटीने उभ्या आहेत. १७८७ नंतर तिथे दफन झाले नाही. शिळांवरील चिन्हे वाचता येतात : आशीर्वादाचे दोन हात म्हणजे कोहेन (पुरोहित) घराणे, पाण्याची झारी म्हणजे लेवी (पुरोहितांचे सहायक), कात्री म्हणजे शिंपी, सिंह किंवा हरीण म्हणजे त्या अर्थाचे नाव. दाविद गान्स या इतिहासकाराच्या शिळेवर हंसक आहे, कारण गान्स म्हणजे तेच. हा गान्स खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या वेधशाळेत जाऊन ग्रहताऱ्यांची निरीक्षणे पाहत असे. नातवाला चिन्हे ओळखायला सांगा. तो दफनस्थानात घाबरणार नाही, रमेल.

जवळच १६०९ साली वारलेल्या रब्बी लोव यांची समाधी आहे. त्यांनी मातीचा गोलेम (माणसासारखा पुतळा) घडवून त्यात प्राण घातले आणि पुढे तो जुन्या-नव्या सिनेगॉगच्या माळ्यावर ठेवला, ही दंतकथा त्यांच्या हयातीनंतर पुष्कळ काळाने पसरली. मुलांना ती जरूर सांगावी, परंतु रब्बी लोव हे मोठे विद्वान आणि शिक्षणाविषयी नवे विचार मांडणारे आचार्य होते, हेही सोबत सांगावे.

जुने-नवे सिनेगॉग तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. युरोपात वापरात असलेले याहून जुने सिनेगॉग नाही. मधोमध दोन अष्टकोनी खांब आहेत आणि स्त्रियांच्या दालनातून आत पाहण्यासाठी भिंतीत अरुंद फटी आहेत. त्या फटींमधून अवश्य पाहा. स्पॅनिश सिनेगॉग १८६८ चे आहे, सोनेरी नक्षीने भरलेले, आणि तिथे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील ज्यूंचा इतिहास मांडला आहे. आपल्या विंटरनित्झांचा काळ समजायला ते उपयोगी पडेल. ते ज्या प्रागमध्ये राहत, तिथे १९११-१२ मध्ये आइन्स्टाइनही प्राध्यापक होते, त्यांचा विंटरनित्झांशी घरोबा होता आणि त्यांच्या पाचही मुलांवर आइन्स्टाइनची माया होती.

प्रतिसाद ८ (मुंबई)

एक भर घालतो. त्याच जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्र शिकलेले वॉल्टर काउफमान हे कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत राहिले. आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचे समर्थक आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घेण्यास नकार दिला होता. मुंबई आकाशवाणीवर ते पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते, आणि आकाशवाणीची जी सुरावट ऐकत आपण मोठे झालो तिचे श्रेय त्यांना दिले जाते. नातवाला ती फोनवर ऐकवून मग प्राग दाखवावे.

धागाकर्ती

आराखडा असा ठरवला आहे. गुरुवारी पोहोचल्यावर काहीही न पाहता विश्रांती. शुक्रवारी सकाळी उघडताक्षणी जुने-नवे सिनेगॉग, मग दफनस्थान आणि नगरभवनाचे घड्याळ. दुपारी पिंकास, आणि त्यानंतर त्या दिवशी काहीही नाही. शनिवारी तिघे जण विद्यापीठाचे कारोलिनुम, जुना चौक आणि कार्ल पूल असे सावकाश फिरू. रविवारी सकाळी स्पॅनिश सिनेगॉग, आणि दुपारी मेट्रोने झेलिव्स्केहो स्थानकाजवळच्या नव्या दफनस्थानात काफ्काची कबर. तिथेच हत्या झालेल्या त्याच्या तीन बहिणींच्या स्मृतीची पाटी आहे, असे वाचले. तेरेझीनला सोमवारी मी एकटी जाईन. होलेशोवित्से स्थानकाजवळून बस मिळते. मुलगी व नातू दुपारच्या गाडीने पुढे जातील आणि मी संध्याकाळी. प्रतिसाद ५ मधील अनुभव वाचल्यावर दुसरे काही करणे मनाला पटले नाही.

प्रतिसाद ९ (अश्दोद)

ताई, आराखडा उत्तम आहे. एक विनंती करू का? भायखळ्याला आमच्या आजीवर उपचार करणारे एक डॉक्टर १९३९ मध्ये बोहेमियातून निसटून आले होते. ते पैसे घेत नसत. त्यांचे आई-वडील मागे राहिले, आणि त्यांच्याविषयी त्यांनी आजीला एकदाच सांगितले होते. मी प्रागला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. आईने मागच्या वर्षी सांगितले. त्यांचे आडनाव आपल्याला व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवले आहे. पिंकासच्या भिंतीवर ते दिसले तर पाहावे.

धागाकर्ती

व्यनि मिळाला. नक्की शोधीन. शुक्रवारची दुपार त्यासाठीच मोकळी ठेवते.

प्रतिसाद १० (प्राग)

केवळ आडनावावरून शोधणे कठीण जाईल. भिंतीवरील मांडणी गावांप्रमाणे आहे आणि प्रागची नावे स्वतंत्र आहेत, त्यामुळे शेवटचे राहण्याचे गाव ठाऊक असेल तर नेमकी भिंत सापडते. बळींची सूची संगणकावरही उपलब्ध आहे. गाव कळले तर मी आधीच पाहून ठेवीन आणि शुक्रवारी आपल्याबरोबर येईन.

प्रतिसाद ११ (अश्दोद)

आईला आत्ताच फोन केला. ती म्हणते, पिल्सेन.